देवगिरी पहिल्यांदा चढताना: शत्रूच्या पावलांनी, पण पाण्याची बाटली घेऊन

वेरूळकडे जाणारी गाडी दौलताबादच्या जुन्या वेशीतून आत शिरते, तेव्हा खिडकीशी बसलेले सगळे मान वाकडी करून वर बघतात. "हाच का तो?" एवढं होईस्तोवर गाडी पुढे निघून गेलेली असते. येताना थांबू, असं ठरतं. येताना मात्र संध्याकाळ झालेली असते आणि कैलास लेण्यात फिरून पायांचे तुकडे पडलेले असतात. मग चांद मिनारापुढे एक फोटो, तोफेवर हात ठेवून दुसरा, की झाला देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला, बघून.

माझी पहिली खेपही याहून बरी नव्हती. मे महिना, दुपारचे दोन, सोबत मावशी. मावशी हत्ती हौदाजवळच्या सावलीत बसली ती उठलीच नाही. मी खंदकापाशी पोचलो तेव्हा बाटलीत दोन घोट पाणी उरलं होतं. घरी आल्यावर कुणी विचारलं, "काय बघितलंस?" तर सांगायला ऊन सोडून काही नव्हतं. पुढे पाच-सहा वेळा गेलो आणि हळूहळू हा किल्ला कसा बघायचा ते कळत गेलं. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी ते इथे लिहितो आहे.

युक्ती एकच आहे. तुम्ही पर्यटक नाही, गड घ्यायला आलेले आहात असं समजा. जिथे तुमची चाल मंदावते, जिथे वळावं लागतं, वाकावं लागतं, चाचपडावं लागतं, तिथे थांबा. तिथे कुणीतरी सातआठशे वर्षांपूर्वी डोकं चालवलेलं असतं. भारतातल्या फार थोड्या किल्ल्यांत ही मांडणी इतकी सलग पायाखाली येते.

कधी जायचं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सरळ हिशेब. मराठवाड्यातला उन्हाळा चाळिशीच्या वर जातो आणि हा डोंगर काळ्या बेसॉल्टचा. सकाळी अकरानंतर दगड तापायला लागतो तो सूर्य मावळल्यावरही गरमच असतो. उन्हाळ्यात उतारावरचं गवतही पार वाळलेलं असतं. आग लागायचे प्रकार इथे घडलेले आहेत, तेव्हा काडीपेटी-विडी खालीच ठेवा. पावसाळ्यात गड हिरवागार आणि देखणा असतो, पण पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि अंधारी, म्हणजे डोंगराच्या पोटातल्या भुयारी वाटेतल्या पायऱ्या ओल्या होतात. माझ्या मते सगळ्यात चांगले दिवस सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. हिरवं अजून टिकून असतं, हवा धुतलेली असते आणि पायथ्याला सीताफळं आलेली असतात.

दिवसातली वेळ ऋतूपेक्षाही महत्त्वाची. दार उघडताना तिथे हजर राहा. सहलींच्या बसगाड्या दहानंतर यायला लागतात आणि अंधारी वाटेत साठ शाळकरी पोरं एकदम ओरडायला लागली की काय होतं, ते एकदा अनुभवलं तरी पुरतं. शनिवार-रविवार शक्यतो टाळा.

वाराचं एक गणित आधीच बसवून घ्या. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. देवगिरीला साप्ताहिक सुट्टी नाही. म्हणजे मंगळवारी छत्रपती संभाजीनगरात अडकलात तर वाईट वाटून घेऊ नका, तो दिवस देवगिरीचा.

कसं पोचायचं

किल्ला संभाजीनगर शहरापासून साधारण १५ किलोमीटरवर, वेरूळच्या रस्त्यावरच आहे. वेरूळ शहरापासून ३० किलोमीटर, म्हणजे देवगिरी बरोबर अर्ध्या वाटेत. मुंबईहून येणाऱ्यांना रात्रीची देवगिरी एक्सप्रेस भल्या पहाटे शहरात सोडते. नावाचा हा योग साधायला काय हरकत आहे! पुण्याहून गाडीरस्ता २३० किलोमीटरच्या आसपास.

शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकावरून खुलताबाद, वेरूळ किंवा कन्नडकडे जाणारी एसटी पकडा आणि कंडक्टरला "किल्ल्यावर उतरायचंय" असं चढतानाच सांगून ठेवा. एसटीची वाट बघायची नसेल तर काळीपिवळी मिळते, फक्त ती भरल्याशिवाय हलत नाही. रिक्षा किंवा टॅक्सी केलीत तर दिवसभराचं ठरवताना देवगिरीवर तीन तास थांबणार आहोत हे आधी बोलून घ्या. चालकांच्या डोक्यात या किल्ल्यासाठी एक तास असतो आणि मग खालून फोनवर फोन येतात.

रस्ता तटातून आत शिरतो तो तट म्हणजे अंबरकोट, जुन्या शहराला वेढणारा सगळ्यात बाहेरचा कोट. आज त्याच्या वेशींतून ट्रक आणि बस जातात आणि सुट्टीच्या दिवशी तिथे तासतासभर गाड्या तुंबतात. शत्रूला अडवायला बांधलेली वेस अजून काम करते आहे म्हणायचं.

सोबत काय घ्यायचं

माणशी किमान दीड लिटर पाणी. हे सगळ्यात आधी, कारण वर चढल्यावर हमखास पाणी मिळेल असं धरून चालू नका. पकड असलेले बूट घाला, चपला नकोत. टॉर्च घ्या; मोबाइलचा चालतो, पण डोक्याला बांधायचा असेल तर दोन्ही हात मोकळे राहतात आणि अंधारीत हात लागतात. टोपी, गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की, आणि नाकाला लावायला रुमाल. रुमाल कशाला ते अंधारीत शिरल्यावर कळेल.

खाण्याची पिशवी हातात लोंबकळत नेऊ नका. वानरं अगदी सराईत आहेत. त्यांना झिपची पाठपिशवी अजून नीट उघडता येत नाही, प्लॅस्टिकची पिशवी मात्र छान ओळखता येते.

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. तिकीट खिडकीवर मिळतं, मोबाइलवर कोड स्कॅन करूनही काढता येतं. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. ड्रोन चालत नाही, तिपाई लावून चित्रण करायचं तर परवानगी लागते. स्वच्छतागृह तिकीटखिडकीच्या आसपासच उरकून घ्या, पुढे भरवसा नाही.

वाटाड्या घ्यावा का? पहिल्या खेपेला घ्या. ओळखपत्र बघा, पैसे आधी ठरवा, आणि अंधारी दाखवणार का, माथ्यापर्यंत येणार का, हे स्पष्ट विचारा. बरेच जण खंदकापाशी नमस्कार करतात. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. वाटाड्यांच्या तोंडी खंदकातल्या मगरी, उकळतं तेल, फसवे झेंडे अशा पुष्कळ गोष्टी असतात. ऐका, मजा घ्या, पण खरं-खोटं तिथेच करत बसू नका. दगडात जे कोरलेलं आहे तेच पुरेसं धक्कादायक आहे.

जाण्यापूर्वी एवढं ठाऊक हवं

सनावळी पाठ करून जायची गरज नाही. पण चार-पाच प्रसंग डोक्यात असले तर दगड बोलायला लागतात.

यादवांचा राजा भिल्लम पाचवा याने बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीला राजधानी केली. पुढे रामदेवराय, त्याचा प्रधान हेमाद्री, ज्ञानेश्वरांचा काळ, हे सगळं आपल्याला शाळेपासून माहीत आहे. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजी अचानक येऊन धडकला. राजपुत्र शंकरदेव मोठं सैन्य घेऊन बाहेर गेला होता. रामदेवराय गडावर चढून बसला आणि तिथे, गोष्ट अशी सांगतात की, घाईघाईने वर चढवलेली धान्याची पोती उघडली तर आत मीठ निघालं. तह करावा लागला. १३१८ मध्ये यादवांच्या जावयाला, हरपालदेवाला, खलजी सुलतानाने हालहाल करून मारलं आणि यादवांचं राज्य संपलं. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणून गावाचं नाव दौलताबाद केलं. नंतर बहमनी, मग निजामशाही. १६२९ मध्ये याच किल्ल्यात निजामशहाच्या दरबारात लखुजी जाधवराव, म्हणजे जिजाऊंचे वडील, मुलानातवासह मारले गेले. १६३३ मध्ये मोगलांनी वेढा घातला. त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला होता, गडावर खायला उरलं नव्हतं, आणि मलिक अंबरच्या मुलाने, फतेखानाने, गड देऊन टाकला. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाने तहात जे दिलं त्यात दौलताबादही मराठ्यांकडे आला.

आता हे प्रसंग पुन्हा एकदा वाचा. मीठ, उपासमार, तहाचा कागद. पुढे तुम्ही जे भुयार आणि खंदक बघणार आहात ते भेदून कुणी हा गड घेतला, असं यात कुठेच नाही. चढताना हे मनाच्या एका कोपऱ्यात ठेवा.

पहिला टप्पा: रस्त्यावरून बघणं

आत शिरण्याआधी पाच मिनिटं बाहेर उभं राहा. डोंगर शंकूसारखा, सुमारे २०० मीटर उंच. वरचा भाग डोंगरासारखा उतरता आहे, पण खालचा बघा. उतार एकदम तुटतो आणि सरळ उभी भिंत लागते. ती निसर्गाने केलेली नाही. माणसांनी छिन्नी-हातोड्याने डोंगराचा उतार तासून काढला आणि पायथ्याला सभोवार उभा कडा केला. वेरूळला ज्या दगडात देवळं कोरली, त्याच जातीचा हा दगड आणि तशीच हाताची सवय. तिथे आतून कोरलं, इथे बाहेरून तासलं. मला विचाराल तर देवगिरीचं खरं शिल्प ही भिंत आहे, पण तिच्यापुढे उभं राहून कुणी फोटो काढत नाही.

दुसरा टप्पा: महाकोटाचे दरवाजे

महाकोट म्हणजे अंबरकोटाच्या आतला, मधला कोट. तिकीट दाखवून आत गेलात की एकामागून एक अनेक दरवाजे लागतात. दारांच्या फळ्यांवर लोखंडी अणकुचीदार खिळे आहेत. ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर येतात. पण खिळ्यांपेक्षा वाट बघा. एका दरवाजातून आत आलात की पुढचा दरवाजा समोर नसतो, बाजूला असतो. मधे छोटासा चौक, चारी बाजूंनी उंच भिंती आणि वर चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे दगडी कंगोरे. हत्तीला धडक द्यायला धावायला जागा लागते, ती इथे मिळत नाही. शिवाय चौकात अडकलेल्यांवर वरून काय काय पडलं असेल याचा अंदाज करायला वाटाड्या लागत नाही. देवड्यांमधे आणि चौकात लहानमोठ्या तोफा मांडून ठेवल्या आहेत. त्यांच्यात फार वेळ घालवू नका, खरी तोफ पुढे आहे.

तिसरा टप्पा: सपाटीवरचं गाव

दरवाजांतून बाहेर पडलात की एकदम मोकळं होतं. ही डोंगराच्या पायथ्याची वस्ती, भुईकोटच म्हणा. डावीकडे हत्ती हौद लागतो. नावावर जाऊ नका, हत्ती धुण्याचा नव्हे तर हत्तीएवढा, म्हणजे प्रचंड. दगडी पायऱ्या उतरून तळाकडे बघा आणि मग डोंगराकडे. वेढा महिनोन्‌महिने चालणार हे बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. पाण्याची तयारी इतकी जबरदस्त असलेला गड शेवटी धान्यापायी गेला.

त्याच्याजवळ भारतमातेचं मंदिर आहे. ही मूळची खलजी काळातली मशीद, आणि मशिदीचे खांब त्याहून जुन्या देवळांचे. खांबांजवळ जाऊन नक्षी बघा. एका खांबाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही, कारण ते वेगवेगळ्या देवळांतून आलेले आहेत. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात आल्यानंतर इथे भारतमातेची मूर्ती बसवली. एकाच चौकात किती थर आहेत ते मोजत बसायचं तर इथेच अर्धा तास जातो आणि तो जाऊ द्यावा.

समोर चांद मिनार. पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अल्लाउद्दीन याने बांधला. गोल, खाच्यांचा, सज्ज्यांचा. एकेकाळी त्यावर निळ्या इराणी फरशा होत्या, काही तुकडे अजून दिसतात. आत जायला मनाई आहे. गडावरून तो खाली पेन्सिलीसारखा दिसतो आणि माथ्यावर पोचल्यावर आपण किती चढलो ते त्याच्यावरूनच कळतं, तेव्हा आत्ता मान वर करून नीट बघून ठेवा.

ज्येष्ठ मंडळी, गुडघ्यांचा त्रास असणारे, कडेवर मूल असलेले, यांच्यासाठी इथपर्यंतचा भाग जवळपास सपाट आहे आणि सावलीही आहे. सगळ्यांनी माथा गाठलाच पाहिजे असा हट्ट धरू नका. माझ्या मावशीने हौदाकाठी बसून वानरांचा एक अख्खा संसार बघितला. तिच्याकडे सांगण्यासारखं माझ्यापेक्षा जास्त होतं.

चौथा टप्पा: काळाकोट, चिनी महाल, मेंढा तोफ

इथून चढ सुरू होतो. काळाकोट म्हणजे आतला कोट, राजवाड्यांचा. पडक्या वाड्यांच्या भिंती, कमानी, आणि चिनी महाल. एकेकाळी या महालाला निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या फरशा जडवलेल्या होत्या म्हणून हे नाव. महाल असला तरी हा तुरुंग होता. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशहा याला औरंगजेबाने १६८७ मध्ये पकडून इथे ठेवलं, आणि बारा वर्षांनी तो इथेच वारला. त्याची कबर इथून जवळच खुलताबादला आहे. ज्या फरशांसाठी महाल प्रसिद्ध होता त्यांचे आता चार तुकडे उरले आहेत. ते नखाने खरवडून बघू नका. असं करणारे मी स्वतः बघितले आहेत, म्हणून लिहितो.

शेजारच्या बुरुजावर मेंढा तोफ. पंचधातूची, मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं. किलाशिकन, म्हणजे किल्ले फोडणारी, हे तिचं दरबारी नाव. लोकांनी सरळ मेंढा केला. मधल्या खुंट्यावर ती फिरते. बुरुजाच्या कडेने एक फेरी मारा आणि तिच्या नळीच्या रेषेत डोळा लावून बघा, मग महाकोटाच्या दरवाजांची मांडणी पुन्हा लक्षात येईल.

पाचवा टप्पा: खंदक

आता खरा किल्ला. इथवर सगळे कोट पडले असं धरा. तुम्ही जिंकलात. समोर पन्नास पावलांवर डोंगर आहे आणि मधे दगडात खोदलेला खंदक. तळाशी हिरवं पाणी, पलीकडे ती तासलेली भिंत, तिला ना फट ना खोबण. शिडी लावायची तर कुठे, दोर टाकायचा तर कशाला अडकवायचा? आत जायला एकच अरुंद पूल आहे. कठड्याला टेकून दोन मिनिटं वर बघा.

इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी तुघलकाच्या काळात इथे येऊन गेला. वर चढायला चामड्याची शिडी आहे आणि ती रात्री वर ओढून घेतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. इथल्या अंधारकोठडीत मांजरांपेक्षा मोठे उंदीर आहेत आणि मांजरंच त्यांना घाबरून पळतात, हेही त्यानेच लिहिलं. उंदरांचं माहीत नाही, वटवाघळं मात्र पुढे भेटतील.

सहावा टप्पा: अंधारी

पूल ओलांडून वर गेलात की डोंगराच्या पोटात तोंड उघडं दिसतं. हीच अंधारी. ज्यांना अंधाराची, बंद जागेची भीती आहे, दमा आहे, किंवा कडेवर लहान मूल आहे, त्यांनी बाजूच्या पायऱ्यांच्या वाटेने जावं. त्यात कमीपणा काही नाही. अंधारी कधी कधी बंदही असते, तेव्हा सगळ्यांनाच तीच वाट.

आत शिरताना नाकाला रुमाल लावा. वटवाघळांच्या शिटाचा वास पहिल्या दहा पावलांत अंगावर येतो. टॉर्च पायाकडे धरा, छताकडे नको. उजेड पडला की सगळी एकदम उडतात आणि मग तुम्हीही. एक हात भिंतीला. पायऱ्या एकसारख्या नाहीत, एक वीतभर तर पुढची हातभर. हेही मुद्दाम केलेलं, कारण एकसारख्या पायऱ्यांवर पाय अंधारातही धावतात. वाट वळत राहते. मध्येच ती फुटते आणि पुढे जाऊन मिळते, म्हणजे दोन बाजूंनी आलेली एकाच सैन्याची माणसं काळोखात एकमेकांवर तलवार चालवतील. एका ठिकाणी उजेड दिसतो. माणूस साहजिकच तिकडे वळतो, आणि ती वाट खाली खंदकात उघडते. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण आणि निखाऱ्याची जागा होती. धूर आत सोडला की चढणाऱ्यांना गुदमरून मागे फिरण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मधोमध एकदा टॉर्च विझवा. सोबत्यांना आधी सांगा, नाहीतर किंकाळी ऐकू येईल. अर्धा मिनिट काळोखात उभं राहा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या मागच्या माणसाचा श्वास मला ऐकू आला, आणि तो माझ्या बाजूचा की दुसऱ्या, हे खरोखर कळलं नाही. अंधारीचा अर्थ कुठल्याही माहितीफलकापेक्षा त्या अर्ध्या मिनिटात जास्त कळतो.

सातवा टप्पा: माथा

बाहेर आलात की गणपतीचं छोटं देऊळ लागतं. इथे बसा, पाणी प्या. पायथ्यापासून माथ्यापर्यंत साडेसातशेच्या आसपास पायऱ्या सांगतात आणि त्यातल्या बऱ्याच अजून पुढे आहेत. ऊन चढलं असेल, पाणी अर्ध्याच्या खाली असेल, तर इथूनच उतरणं शहाणपणाचं. डोकं दुखायला लागलं किंवा घाम येईनासा झाला तर विचारसुद्धा करू नका, सावलीत थांबा आणि सोबतीने खाली या.

पुढे बारादरी. अष्टकोनी, कमानींची, मोगल काळातली. शाहजहान १६३६ मध्ये इथे आला होता, तेव्हाची ती मानतात. कमानींतून वारा इतका येतो की टोपी धरून ठेवावी लागते. खाली तिन्ही कोटांच्या रेषा नकाशासारख्या दिसतात. बघता बघता कळतं की आपण चढताना जे दरवाजे मोजत होतो, ते सगळे वरून एका नजरेत होते.

आणखी वर, माथ्याजवळ, जनार्दनस्वामींचं स्थान आहे. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी या गडाचे किल्लेदार होते. पैठणहून कोवळ्या वयात आलेल्या नाथांनी इथे त्यांची सेवा केली. एका पैची चूक सापडेना म्हणून हिशेबाच्या वह्या घेऊन नाथांनी रात्र जागवली, ही गोष्ट इथलीच. आणखी एक सांगतात: स्वामी समाधीत होते, शत्रू आला, आणि त्यांची समाधी मोडू नये म्हणून नाथांनी त्यांचं चिलखत चढवून लढाई केली. पादत्राणं बाहेर काढा, आवाज कमी करा. वारकरी घरातले कुणी सोबत असतील तर त्यांच्यासाठी सगळी चढाई या एका जागेसाठीच असते.

सगळ्यात वर बुरूज आणि तोफ. तिथे उभं राहिलात की एक जुनी तुलना आठवते. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराज रायगड पसंत करताना दौलताबादचं नाव घेतात: गड चखोट खरा, पण उंचीने थोडका. साडेसातशे पायऱ्या चढून धापा टाकत असताना हे 'थोडका' ऐकायला अंमळ जड जातं.

उतरताना

उतार गुडघ्यांवर येतो, घाई करू नका. अंधारीतून उतरायचं असेल तर चढणाऱ्यांना आधी वाट द्या. भिंतींवर कोरलेली नावं आणि बदाम दिसतील; संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अशी तरतूद कायद्यात आहे. रिकाम्या बाटल्या पाठपिशवीत टाकून खाली आणा.

सगळं धरून निवांत तीन तास लागतात, चौथा हाताशी असू द्या. त्यानंतर दुपारी वेरूळ करायचं असेल तर करा, पण माझं मत विचाराल तर एका दिवसात दोन्ही कोंबू नका. त्यापेक्षा पुढे खुलताबादच्या रस्त्यावर कागजीपुऱ्याला थांबा. तिथे अजून हाताने कागद बनवतात, आणि ही कला तुघलकाच्या वेळी राजधानीसोबत इथे आली असं तिथले लोक सांगतात. खुलताबादला भद्रा मारुती आहे, औरंगजेबाची साधी उघडी कबर आहे, मलिक अंबरची कबर आहे. शहरात परत आलात तर नान-खलिया खा. त्याचंही नातं तुघलकाच्या फौजेशीच जोडतात. शाकाहारी असाल तर ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा कुठेही मिळेल.

दारातून बाहेर पडताना सीताफळवाल्या बायका पाट्या घेऊन बसलेल्या असतात. सीताफळांचा हंगाम नसेल तर पेरू असतात. भाव करा, पण फार ताणू नका. आणि आज खायचं की उद्या, ते आधीच सांगा. त्या बोटाने दाबून त्या हिशेबाचंच फळ काढून देतात. माझ्या मावशीने डझनभर घेतली होती. परतीच्या एसटीत त्यातली चार संपली, आणि ती म्हणाली, "पुढच्या वेळी मला सकाळी आण."